श्रद्धा, शास्त्र आणि पत्रिकेचा रकाना

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पेठ, तालुका आंबेगाव, येथे एका निवृत्त गणितशिक्षकाने केलेले भाषण)



भोजनाची वेळ जवळ आलेली असताना गणिताच्या शिक्षकाचे भाषण ठेवणे हे आपल्या चिटणिसांचे धाडसच म्हटले पाहिजे. त्यांनी मला विषय विचारला तेव्हा ‘एका शास्त्रज्ञाचे आत्मचरित्र’ असे मी सांगितले. त्यांना वाटले असेल, मास्तर काही तरी निरुपद्रवी बोलणार. परंतु भोजनोत्तर ह्याच मंडपात वधूवर-परिचयाचा कार्यक्रम व्हावयाचा आहे, आणि माझ्या भाषणाचा शेवट त्या कार्यक्रमापाशी जाऊन ठेपणार आहे, हे मी त्यांना सांगितले नव्हते. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागतो.

ज्या पुस्तकाविषयी मी बोलणार आहे ते आहे डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’. ते २०१२ साली प्रसिद्ध झाले आणि २०१४ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मलेला हा पुरुष २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक व सापेक्षतावादाचे अभ्यासक; मातोश्री सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. एकाच घरात गणित आणि संस्कृत ही दोन्ही गुण्यागोविंदाने नांदत होती. जयंतरावांनी पुढे केंब्रिजला जाऊन १९५९ साली गणिताच्या परीक्षेत ‘सीनियर रँग्लर’चा बहुमान मिळविला आणि फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली विश्वरचनेचा अभ्यास केला. १९७२ साली ते स्वदेशी परतले. १९८८ पासून पुण्यात ‘आयुका’ ही संस्था त्यांनी उभी केली. हे सर्व आपण वर्तमानपत्रांतून वाचलेले आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही.

मला मोह पडला तो त्यांच्या बालपणीच्या एका गोष्टीचा. घरात मुलांसाठी फळे लावलेले असत. त्यांचे मोरूमामा शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहावयास आले होते. ते अधूनमधून फळ्यावर एखादे अवघड उदाहरण लिहून ठेवीत आणि वर लिहीत की हे जयंतासाठी आव्हान आहे. मुलाने उदाहरण सोडवावे किंवा ‘मला येत नाही’ असे कबूल करावे. तोपर्यंत फळा पुसावयाचा नाही, असा तो रिवाज. बंधूंनो, चाळीस वर्षे मी फळ्यापुढे उभा राहिलो आहे. उदाहरण सोडविणारी मुले मी पुष्कळ पाहिली. ‘मला येत नाही’ असे निर्मळ मनाने म्हणणारी फार थोडी पाहिली. मोठ्या माणसांत तर त्याहूनही थोडी. शास्त्राचा सारा संस्कार मला ह्या एका फळ्यात दिसतो. प्रश्न सर्वांसमक्ष लिहिलेला असावा, आणि उत्तर चुकले तर तेही सर्वांसमक्ष दिसावे.

आता आपल्या मुलखाकडे येतो. येथून अवसरीचा घाट उतरून मंचर, कळंब, नारायणगाव असे गेले आणि पूर्वेला वळले की खोडद लागते. तेथील प्रचंड रेडिओ-दुर्बीण आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर; त्यांपैकी चौदा मध्यभागी एकत्र आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या, असा तो सुमारे पंचवीस किलोमीटरांचा पसारा आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनानिमित्त तेथे लोकांना प्रवेश असतो. मी कितीदा तरी शाळेची मुले घेऊन तेथे गेलो आहे. ही दुर्बीण उभारणारे डॉ. गोविंद स्वरूप २०२० साली निवर्तले. त्यांचा आणि नारळीकरांचा एक संबंध आहे, तो सांगण्यासारखा आहे.

विश्वाला आरंभ नाही व अंत नाही; ते प्रसरण पावते, परंतु नवे द्रव्य निर्माण होत राहिल्यामुळे सर्वकाळ सारखेच दिसते, असा एक सिद्धांत हॉईल, बाँडी व गोल्ड यांनी १९४८ साली मांडला होता. त्याला ‘स्थिरस्थिती सिद्धांत’ म्हणतात. नारळीकर त्याचे खंदे पुरस्कर्ते. गोविंद स्वरूप यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधली. आकाशातील रेडिओ-उगम चंद्राआड जाताना त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमापे घेतली, आणि १९७५ च्या सुमारास निष्कर्ष काढला की दूरचे, म्हणजेच पुरातन काळचे, विश्व आजच्यासारखे नव्हते. हा निष्कर्ष स्थिरस्थितीच्या विरुद्ध जाणारा होता. त्यापूर्वी १९६५ सालीच आकाशात सर्वत्र भरून राहिलेल्या मंद सूक्ष्मतरंगांचा शोध लागला होता आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले होते. नारळीकर गेले नाहीत. विरोधी पुरावा पुढे आला तसतसा त्यांनी आपला सिद्धांत बदलला. १९९३ साली हॉईल व बर्बिज यांच्यासह त्याला नवे रूप दिले. परंतु अखेरपर्यंत ते अल्पमतातच राहिले.

ध्यानात घ्यावयाचे ते हे, की नारळीकर व स्वरूप हे दोघे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहकारी होते. पुढे पुण्याच्या विद्यापीठाच्या आवारात एकाची संस्था दुसऱ्याच्या संस्थेची शेजारीण झाली. ज्याने आपल्या लाडक्या सिद्धांताविरुद्ध पुरावा आणला त्याच्याच शेजारी घर! आपल्याकडे बांधाच्या वितीवरून भावाभावांचे तीन पिढ्या बोलणे बंद असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

येथे माझा एखादा चतुर विद्यार्थी विचारील, “गुरुजी, मग तीही श्रद्धाच झाली की! सारे जग एक म्हणते आणि हे दुसरेच धरून बसतात.” प्रश्न रास्त आहे. शास्त्रज्ञालाही आवड असते, कल असतो, हट्टसुद्धा असतो. फरक एवढाच की नारळीकरांनी आपला हट्ट फळ्यावर लिहून ठेवला होता. अमुक निरीक्षण असे आले तर माझे म्हणणे टिकेल, तसे आले तर टिकणार नाही, हे ते स्वतः सांगत. इतरांनी तपासले, उणिवा दाखविल्या, आणि कोणी कोणाला पाखंडी म्हटले नाही. स्वतःच्या परीक्षेचा पेपर स्वतःच काढून दुसऱ्याच्या हाती तपासावयास देणे, हे शास्त्राचे शील आहे.

मग धर्मश्रद्धेचे काय? माझे वडील वारकरी होते. तुळशीची माळ त्यांच्या गळ्यात अखेरच्या दिवसापर्यंत होती. दुष्काळात बैल विकावा लागला त्या रात्री ते हरिपाठ म्हणत बसले होते, आणि पहाटे उठून दुसऱ्याच्या शेतावर कामाला गेले. त्यांच्या विठोबाने त्यांना पाऊस कधी पडेल हे सांगितले नाही, आणि त्यांनीही ते विचारले नाही. त्याने त्यांना उभे राहण्याचे बळ दिले. ह्या श्रद्धेला मी कोणते गणित लावू? आळे येथे ज्ञानेश्वरमाउलींच्या रेड्याची समाधी आहे. तेथे मी हात जोडतो. पशूच्या मुखीही वेद आहे, तर माणसामाणसांत उच्चनीच कसले, हा त्या कथेचा बोध मला पुरेसा आहे. पदार्थविज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत ती कथा लिहा, असे मी मुलांना कधी सांगितले नाही, आणि ती सोडून द्या असेही सांगितले नाही.

किंबहुना ह्या जुन्नरच्या भूमीत श्रद्धा आणि संख्या फार जुन्या शेजारणी आहेत. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या वेळचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. आरंभी देवतांना वंदन, मग केलेल्या यज्ञांची नावे, आणि त्यांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे व कार्षापणे यांचा हिशेब. आपल्या देशातील अगदी जुन्या अंकचिन्हांपैकी काही ह्याच लेखात सापडतात. त्यांत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना निरनिराळी चिन्हे आहेत. यज्ञ कोणत्या श्रद्धेने केला हे राणीचे राणीला ठाऊक. परंतु गाई किती दिल्या हे कोणीही मोजून पाहावे, म्हणून ते आकड्यांत कोरले. नमस्कार नमस्काराच्या ठिकाणी आणि हिशेब हिशेबाच्या ठिकाणी. माझे सारे म्हणणे त्या शिलेवर आधीच कोरलेले आहे, असे मला वाटते.

अडचण येते ती श्रद्धा हिशेबाच्या रकान्यात शिरते तेव्हा. ‘देव माझ्या पाठीशी आहे’ असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. परंतु ‘ह्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे, म्हणून हिचा नवरा जगणार नाही’ असे कोणी म्हटले, तर तो भक्तिभाव राहिला नाही. ते भाकीत झाले. भाकिताला परीक्षा दिलीच पाहिजे.

ती परीक्षा नारळीकरांनी घेतली. २००८ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्रज्ञ प्रा. सुधाकर कुंटे आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांच्या सहकार्याने त्यांनी शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना आवाहन केले की पत्रिकेवरून मूल कोणत्या गटातले ते सांगा. प्रत्येकाला सरमिसळ केलेल्या चाळीस पत्रिका दिल्या. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठविली. डोळे मिटून नाणे उडविले तरी चाळिसांत सरासरीने वीस उत्तरे बरोबर यावीत. सर्वांची मिळून बरोबर उत्तरे भरली शेकडा ४६. सर्वांत चांगला निकाल होता चाळिसांत चोवीस. आणि केवळ नशिबाने चोवीस मिळविणारा माणूस सत्तावीस जणांत एखादा-दुसरा निघणारच. ह्या प्रयोगात कोणाची टवाळी नव्हती. प्रश्न फळ्यावर लिहिला, उत्तरे सर्वांसमक्ष तपासली, एवढेच.

आता जे सांगावयाचे त्यासाठी मी माझ्या धाकट्या बहिणीची परवानगी घेतलेली आहे. ती समोर बसली आहे.

१९८९ साली तिचे लग्न ठरत आले होते. मुलगा चांगला, माणसे सालस. दोन्ही घरांची पसंती झालेली. पत्रिका दाखविली. आठव्या स्थानी मंगळ निघाला आणि स्थळ परत गेले. पुढे जे स्थळ येई ते मंगळाचे नाव ऐकून फिरकेनासे झाले. कांदेपोह्यांची ताटली बाहेर नेताना तिचा हात थरथरू लागला. तिने हळदीकुंकवाला जाणे सोडले, कारण तेथे बायका तिच्याकडे कणवेने पाहत. पाच वर्षे अशी गेली. वडील म्हणत, पांडुरंगाची इच्छा. परंतु ती पांडुरंगाची इच्छा नव्हती. बारा घरांच्या चौकटीतील एका आकड्याची ती सत्ता होती. आणि मी काय करीत होतो? मी त्याच महिन्यात अकरावीच्या वर्गाला संभाव्यता शिकवीत होतो. घरी मात्र मी तोंड उघडले नाही. वडीलधाऱ्यांपुढे कसे बोलावे, समाजात वाईटपणा कोणी घ्यावा, असा विचार करीत गप्प राहिलो. पुढे पत्रिका न मागणारा एक सज्जन भेटला आणि तिचा संसार सुखाचा झाला. तो आज आपणा सर्वांना दिसतो आहे. परंतु एकदा भाऊबिजेला ओवाळून झाल्यावर ती मला म्हणाली, “दादा, तू पोरांना जे शिकवत होतास, ते तेव्हा घरात का नाही बोललास?” मजपाशी उत्तर नव्हते. ‘मला येत नाही’ असे म्हणण्याचीही सोय नव्हती, कारण मला येत होते.

ते उदाहरण मी आज, छत्तीस वर्षांहून अधिक उशिरा, आपल्यासमोर सोडवितो. कुंडलीत घरे बारा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरी मंगळ असला तर पत्रिका मंगळाची. म्हणजे बारांपैकी पाच घरे दोषाची. तेव्हा स्थूलमानाने शंभर माणसांत बेचाळीस मंगळाची निघणार! ह्या मंडपात पाचशे माणसे असतील तर दोनशेंहून अधिक. ह्या साऱ्यांच्या जोडीदारांवर अरिष्ट येते म्हणावे, तर आपल्या गावांत निम्मी घरे ओसाड दिसावयास हवी होती. पुढे चला. दोघांनाही मंगळ असावा किंवा दोघांनाही नसावा, अशी जोडी शंभरांत सुमारे एक्कावन्न. नाड्या तीन, नाडी एक असता कामा नये, म्हणजे त्यांतील एक तृतीयांश आणखी बाद. शंभर जोड्यांपैकी उरल्या चौतीस. शिक्षण, स्वभाव, व्यसन, आरोग्य यांतील एकही गोष्ट न पाहता दोन रकान्यांनी सहासष्ट स्थळे परत पाठविली! आपला समाज लहान, गावे मोजकी, स्थळे मोजकी. त्यांतून दोनतृतीयांश अशी फेकून देणे आपल्याला परवडते काय, ह्याचा विचार वडीलधाऱ्यांनी करावा. ज्योतिषी अपवादही सांगतात, हे मी जाणतो. परंतु अपवाद कोणासाठी निघतो? ज्याच्या घरी जमीन आहे, मुलगा मोठ्या नोकरीत आहे, त्याच्यासाठी. गरिबाच्या मुलीचा मंगळ तेवढा कडक असतो.

कोणी म्हणतात, नाडी म्हणजे पूर्वजांनी सांगितलेला रक्तगटच. तसे नाही. नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते आणि रक्त आईबापांकडून येते. एकाच घरातील भावंडांच्या नाड्या निरनिराळ्या असू शकतात. रक्ताचीच काळजी असेल तर तिचे खरे गणित वेगळे आहे. थॅलेसेमियासारख्या रोगाचा अंश वाहणारा मनुष्य बाहेरून धडधाकट दिसतो. आईबाप दोघेही तसे वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणी मूल रोगी होण्याची शक्यता चारांत एक. जेथे पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच सोयरिकी होतात तेथे अशी जोडी जुळण्याचा संभव वाढतो. हे रक्ताच्या साध्या तपासणीने आधी कळते. एक वाहक असला व दुसरा नसला तर हे भय राहत नाही. जो रकाना खरोखर भरावयास हवा तो आपल्या अर्जात नाही, आणि नको तो सर्वांत वर छापलेला आहे!

म्हणून माझी मंडळाला नम्र सूचना आहे. वधूवरांच्या अर्जातील पत्रिका, मंगळ व नाडी हे रकाने ऐच्छिक करावेत. ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी ते भरावेत, त्यांना कोणी हसू नये. ज्यांना नको असेल त्यांनी ‘पत्रिका पाहणार नाही’ असे लिहावे आणि तसे लिहिणाऱ्यांची नावे मंडळाने मोकळेपणाने छापावीत. दुसरे असे की विवाहापूर्वी रक्ततपासणीचा सल्ला मंडळाने सर्वांना द्यावा. तिचा निकाल मात्र कोणत्याही पुस्तिकेत छापू नये. तो त्या दोन घरांनीच एकमेकांना सांगावा. नाही तर आपण मंगळाचा डाग पुसून रक्ताचा नवा डाग लावू, आणि पुन्हा एखाद्या मुलीने पाच वर्षे हळदीकुंकू सोडावे अशी वेळ आणू.

ह्या सूचनेने धर्म बुडेल, असे ज्यांना वाटते त्यांना मी माझ्या वडिलांचे स्मरण देतो. अखेरच्या आजारात ते मला म्हणाले, “पोरीच्या वेळी मी विठोबाला विचारायला हवं होतं, ज्योतिषाला विचारलं.” ते शिकलेले नव्हते. परंतु नमस्कार कोठे करावा आणि हिशेब कोठे मांडावा, हे त्यांना अखेरीस उमगले होते. मला, गणिताच्या शिक्षकाला, ते आधीपासून ठाऊक असून मी गप्प बसलो. दोघांत अधिक दोषी कोण, हे मी आपणांस सांगावयास नको.

 सूचना चिटणिसांकडे लेखी दिली आहे. तीवर सर्वप्रथम सही माझ्या बहिणीची आहे, दुसरी माझी. खालची जागा कोरी ठेवली आहे.